नटावरील लोभ आणि प्रतिकूल अभिप्राय

नाटकाचा नाद लागला की मुलगा हातचा गेला, असे मानणारी एक पिढी आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. ती पिढी अगदीच चुकत होती असे नाही. नाटक मंडळीच्या मागे घर सोडून गेलेली मुले तिने डोळ्यांनी पाहिली होती. आज उमरखेडसारख्या गावी तो धोका उरलेला नाही. आज येथील मुलगा नाटकाच्या मागे जातो तो अंथरुणावर पडल्या पडल्या. आवडत्या नटाचे नवे नाटक कोणते, त्यावर कोणत्या वर्तमानपत्राने काय लिहिले, शनिवारचा प्रयोग पुण्यास की ठाण्यास, रविवारी दुपारी कोठे आणि रात्री कोठे, ही सर्व माहिती त्यास मुखोद्गत असते. आणि त्या नटास प्रत्यक्ष रंगभूमीवर त्याने बहुधा एकदाही पाहिलेले नसते. ज्या गावावरून आगगाडी जात नाही त्या गावच्या मुलाने आगगाडीचे वेळापत्रक तोंडपाठ करावे, तसाच हा प्रकार होय.

पुष्कळ पालक ह्या छंदाविषयी आमच्याकडे तक्रार करितात. मुलाचा वेळ फुकट जातो, असे त्यांचे म्हणणे. आमची तक्रार निराळी आहे. वेळेचे म्हणाल, तर नाटकाच्या वार्ता वाचण्यात जाणारा वेळ इतर कित्येक गोष्टींत जाणाऱ्या वेळाहून बरा. त्या निमित्ताने मुलगा चार ओळी शुद्ध मराठी तरी वाचतो. (अलीकडे त्या ओळीही नेहमीच शुद्ध असतात असे नव्हे, पण ते असो.) आमची तक्रार एवढीच की, नटाविषयी जे जे छापून येते त्यातील तो अर्धेच वाचतो. स्तुतीचा भाग वाचतो, जपून ठेवतो, मित्रांस दाखवितो. दोषदर्शनाचा भाग आला की त्याचे डोके फिरते. ज्यास आपल्या आवडत्या नटाविषयीचा प्रतिकूल अभिप्राय शांतपणे वाचवत नाही, त्याचे प्रेम त्या नटावर नसून स्वतःच्या निवडीवर आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत हवेतून आलेले नाही. गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. वरच्या वर्गातील काही विद्यार्थ्यांचा एका नटावर विलक्षण लोभ. त्या नटाचे नाव देण्याचे कारण नाही; त्या बिचाऱ्याचा यात काहीच अपराध नाही. त्याच्या नव्या नाटकावर एका टीकाकाराने असे लिहिले की, पहिल्या अंकात हा नट टाळ्यांसाठी थांबतो, आणि त्या थांबण्याने समोरच्या पात्राचे वाक्य मरते. एवढेच. बाकीचा सर्व लेख स्तुतीचाच होता. परंतु आमच्या ह्या मंडळींनी त्या टीकाकारास मोबाईलवरून जी भाषा लिहून पाठविली, ती ह्या अंकात छापण्याजोगी नाही. प्रकरण आमच्यापर्यंत आले तेव्हा त्यांच्यापैकी एकाची वही आम्ही मागून घेतली. कात्रणे मोठी सुबक चिकटविलेली होती. मात्र बहुतेक कात्रणांचा शेवटचा परिच्छेद कात्रीने कापून टाकलेला. आपल्याकडील टीकाकारांची रीतच अशी की, आरंभी गुण गावे आणि दोष शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेवावे. मुलाने ती रीत बरोबर ओळखली होती!

आम्ही विचारले, "हे नाटक तू पाहिले आहेस काय?"

तो म्हणाला, "नाही, सर. पण तुम्ही तरी कुठं पाहिलंय?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, मुद्द्याचा होता. म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देतो. नाटक न पाहिलेल्या माणसापुढे दोन मते आली, एक टीकाकाराचे आणि एक चाहत्याचे, तर त्याने कोणत्या मतास अधिक वजन द्यावे? टीकाकार सांगतो: पहिला अंक, अमुक प्रसंग, तेथे नट थांबतो, म्हणून दुसऱ्याचे वाक्य बुडते. ह्यातील प्रत्येक शब्द तपासून पाहता येतो. पुढच्या प्रयोगास जाऊन बसणारा कोणीही प्रेक्षक टीकाकारास खोटे पाडू शकेल. चाहता म्हणतो: आमचा नट श्रेष्ठ आहे. हे कशावर घासून पाहावे? टीकाकाराने स्वतःस तपासणीसाठी उघडे ठेवले आहे. चाहत्याने दार लावून घेतले आहे. एवढा फरक आम्हांस पुरेसा वाटतो. टीकाकारही चुकतो, पुष्कळदा चुकतो, क्वचित पक्षपातही करितो. परंतु त्याची चूक दाखविण्याचा मार्ग नाट्यगृहातून जातो, शिव्यांतून नव्हे.

आता थोडे मागे जाऊ. मराठी रंगभूमीवर चाहत्यांचे प्रेम ज्यांस सर्वांत अधिक लाभले, ते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. त्यांचा जन्म १८८८ सालचा. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरले, १९१३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि पुढील कित्येक वर्षे महाराष्ट्रात त्यांच्या नावाची जाहिरात लागली की गावोगावची माणसे प्रवासाची तयारी करीत. त्यांचे लुगडे नेसणे, दागिने घालणे, फुले माळणे ह्यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. पुरुषाने स्त्रीचे सोंग घ्यावे आणि स्त्रियांनी त्याच्यापासून नेसणे शिकावे, हा चमत्कारच म्हटला पाहिजे. १२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. खेळ रद्द झाला नाही; ते भामिनीच्या वेषात प्रेक्षकांपुढे उभे राहिले. ही हकीकत चाहत्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली आहे, आणि ती सांगण्यासारखीच आहे.

परंतु ह्याच चाहत्यांची दुसरी एक गोष्ट कमी सांगितली जाते. पद आवडले की 'वन्समोअर'चा गजर व्हावयाचा. एकदा, दोनदा, तीनदा. बालगंधर्व प्रेक्षकांस 'अन्नदाते मायबाप' म्हणत. मायबापांनी मागावे आणि लेकराने द्यावे, असा तो व्यवहार. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत लांबे. कथानक जेथल्या तेथे थांबे, समोरचे पात्र मुकाट्याने उभे राही, आणि गाणे चाले. नाटकाची मैफल होऊ लागली आहे, गाणे नाटकावर कुरघोडी करीत आहे, असा जाणत्यांचा आक्षेप होता. चाहत्यांनी तो कानांआड केला. पुढे १९३१ आणि १९३२ साली बोलपट आले. थोडक्या वेळात, थोडक्या पैशांत गोष्ट सांगून मोकळे करणाऱ्या त्या नव्या करमणुकीपुढे रात्रभर चालणाऱ्या खेळांची पंचाईत झाली, आणि १९३५ साली खुद्द बालगंधर्व प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' ह्या बोलपटात संत एकनाथांच्या भूमिकेत दिसले. मंडळ्या बुडाल्या त्याची कारणे अनेक होती: कर्जे, भरजरी पोशाख, मोठाले बिऱ्हाड, बोलपट. सर्व दोष 'वन्समोअर'च्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरी एक प्रश्न उरतोच. जे मायबाप म्हणवून घेतात त्यांनी लेकरास एकदा तरी "आता पुरे" म्हणावयास नको होते काय? मुलाच्या प्रत्येक हट्टास आणि प्रत्येक करामतीस टाळी देणारे आईबाप आपण प्रत्यही पाहतो, आणि त्यांच्या मुलांचे पुढे काय होते तेही पाहतो.

उलट, ज्या भूमिकेत बालगंधर्वांनी चाहत्यांच्या सवयीविरुद्ध पाऊल टाकले तिची गोष्ट पाहा. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्या विदर्भातील सावनेर येथे वारले, आणि पुढच्याच महिन्यात बडोद्यास त्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. शालू आणि पैठणी ह्यांत ज्यांना पाहावयाचे ते बालगंधर्व ह्या नाटकात सिंधू झाले: अंगावर फाटके जाडेभरडे लुगडे, जात्यापाशी बसलेली, दारूपायी धुळीस मिळालेल्या घराची गृहिणी. डोळे दिपविणारे काहीच नव्हते, तरी नाट्यगृहे हुंदके देऊ लागली. आपणांस काय आवडेल हे चाहत्यास आधी ठाऊक नसते. नट जर केवळ चाहत्यांच्या मागणीवर चालला असता, तर ही सिंधू मराठी माणसास दिसलीच नसती.

त्याच काळी केशवराव भोसले ह्यांच्या ललितकलादर्श मंडळीचे चाहतेही तितकेच कट्टर होते. गंधर्वांचे गाणे गोड की केशवरावांचे तेजस्वी, ह्यावर घरांतून वाद माजत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालीवाला नाट्यगृहात टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ दोन्ही मंडळ्यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन्ही पक्षांचे चाहते एकाच छपराखाली आले. मारामारी झाली नाही. दोन्ही नटांस त्यांनी एकाच रात्री, एकाच नाटकात, आपल्या कानांनी ऐकले आणि दोघांचेही कौतुक करून घरी गेले. पुढे तीन महिनेही लोटले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव वारले. वय अवघे एकतीस. ज्यांनी 'दुसऱ्या पक्षाचा' म्हणून त्यांचे गाणे तोवर टाळले होते आणि त्या रात्रीचे तिकीटही ज्यांस मिळाले नव्हते, त्यांस ते पुढे कधीच ऐकावयास मिळाले नाही.

मुंबईचा हा प्रसंग किती भाग्याचा होता, हे अमेरिकेतील एका प्रसंगाशी ताडून पाहिले म्हणजे कळते. न्यूयॉर्क शहरी १८४९ साली विल्यम मॅकरेडी हा इंग्रज नट आणि एडविन फॉरेस्ट हा अमेरिकन नट, ह्या दोघांच्या चाहत्यांत असेच वैर पेटले होते. दोघेही शेक्सपिअरचा मॅक्बेथ करीत. त्यात श्रीमंत-गरीब आणि इंग्रज-अमेरिकन हे जुने दंश मिसळले. १० मे रोजी मॅकरेडीचा खेळ चालू असता अॅस्टर प्लेस येथील नाट्यगृहाबाहेर हजारोंचा जमाव दगड घेऊन जमला. शेवटी लष्कराने गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली. एका नटाने मॅक्बेथ कसा करावा, ह्यावरून! बाहेर दगड घेऊन उभ्या असलेल्यांपैकी किती जणांनी मॅकरेडीचा मॅक्बेथ पाहिला असेल, हा विचार आमच्या मनात वारंवार येतो. मोबाईलवरून शिवी धाडणारा आमचा विद्यार्थी आणि तो दगडवाला ह्यांत अंतर मोठे आहे हे आम्ही जाणतो. पण वाट तीच आहे.

अलीकडच्या काळातील उदाहरण हवे असेल तर डॉ. काशिनाथ घाणेकर ह्यांचे घ्या. आजोबा-आजींना विचारा, त्यांचे डोळे चमकतील. 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधील संभाजी, 'अश्रूंची झाली फुले'मधील लाल्या! जाहिरातीत सर्व नटांची नावे झाल्यावर शेवटी 'आणि डॉ. काशिनाथ घाणेकर' असे छापीत, आणि त्या 'आणि'साठी तिकिटे संपत. नाटक कोणाचे, इतर पात्रे कोण, हे पाहण्याची पुष्कळांस गरजच वाटत नसे. नाट्यगृहात त्यांच्या प्रवेशाची वाट पाहत शिट्ट्या व्हावयाच्या. अशा प्रेमाचे ओझे माणसास कसे पेलवते आणि कोठे पेलवत नाही, हे ज्यांस जाणून घ्यावयाचे असेल त्यांनी कांचन घाणेकर ह्यांनी लिहिलेले 'नाथ हा माझा' वाचावे; पतीच्या उणिवाही त्यांनी मोकळेपणाने सांगितल्या आहेत. आमच्या मते ते पुस्तक म्हणजे एका खऱ्या चाहत्याचे लेखन आहे. २ मार्च १९८६ रोजी, नाटकाच्या दौऱ्यावर असतानाच, आपल्या वऱ्हाडात अमरावती येथे डॉक्टर घाणेकरांचा अंत झाला. २०१८ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला तेव्हा आमच्या मुलांनी तो पाहून घाणेकरांचे संवाद पाठ केले. ठीक आहे. परंतु 'अश्रूंची झाली फुले'मध्ये लाल्यासमोर उभे राहणारे प्राध्यापक विद्यानंद प्रभाकर पणशीकर करीत असत, आणि ते तसे उभे नसते तर लाल्या कोणावर आपटला असता, हे किती मुलांच्या ध्यानात आले?

टीका वाचावी कशी, हे आता थोडक्यात सांगतो. नाटकावरील लेख हा एका प्रयोगावरील लेख असतो, हे प्रथम ध्यानी घ्यावे. चित्रपट एकदा झाला की झाला. नाटक दर खेळास नव्याने घडते. प्रशांत दामले ह्यांनी ६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात आपल्या कारकिर्दीतील १२,५०० वा प्रयोग केला. साडेबारा हजार वेळा ज्याने प्रेक्षकांपुढे तोंड रंगविले, त्याच्याविषयी एका संध्याकाळच्या आधारे शेवटचा निकाल कोण देणार? म्हणून लेखाची तारीख पाहावी, टीकाकाराने पहिला प्रयोग पाहिला की पन्नासावा हे पाहावे. पहिल्या प्रयोगातील पुष्कळ दोष नट पुढे स्वतःच काढून टाकतो. कधी कधी त्या टीकेमुळेच काढतो. आणि येथेच आगामी प्रयोगांच्या जाहिरातीस महत्त्व येते. टीका झालेल्या खेळाविषयी सांगते, जाहिरात होणाऱ्या खेळाविषयी. ज्याने शेवटचा परिच्छेद कापून टाकला त्यास पुढच्या खेळात काय पाहावयाचे तेच कळणार नाही. नट अजून थांबतो काय? समोरचे वाक्य अजून बुडते काय? एवढे पाहण्यासाठी जो नाट्यगृहात जातो तो चौकस चाहता होय.

इंग्लंडात १८१४ सालच्या जानेवारीत एडमंड कीन हा तोवर फारसा कोणास ठाऊक नसलेला नट ड्रुरी लेन नाट्यगृहात शायलॉकच्या भूमिकेत आला. विल्यम हॅझ्लिट ह्या टीकाकाराने लगेच त्याची थोरवी ओळखून वर्तमानपत्रात लिहिले. पुढे वर्षानुवर्षे तो कीनच्या मागे राहिला, आणि जेथे कीन कमी पडला तेथे तसेही लिहीत राहिला. कीनचा अभिनय आज कोणीही पाहू शकत नाही. तो कसा होता हे जगास कळते ते बव्हंशी हॅझ्लिटमुळे. नुसती स्तुतिस्तोत्रे मागे राहिली असती तर त्यांतून काय कळले असते?

"पण सर, हे सर्व मुंबई-पुण्याचे," असे मुले म्हणतात. मुळीच नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर खामगावास वकिली करीत असत. वऱ्हाडात राहून त्यांनी नाटके लिहिली, साक्षेपी टीका लिहिली, आणि गडकरी त्यांस गुरू मानीत. विदर्भाच्या पूर्वेस तर झाडीपट्टीची रंगभूमी आजही उभी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया ह्या भागांत दिवाळीनंतर मंडई भरते आणि नाटके रात्र रात्र चालतात. वडसा हे त्या मंडळ्यांचे ठाणे. तेथील परशुराम खुणे ह्यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. तेथील नटावर वर्तमानपत्रांत सहसा लेख येत नाहीत. तेथला टीकाकार म्हणजे दुसऱ्या दिवशी बाजारात भेटणारा शेतकरी. रात्री खेळ पाहिलेला तो माणूस "अमक्याचं काम काल पडलं" असे तोंडावर सांगतो आणि पुढच्या गावच्या खेळास पुन्हा जातो. आमच्या मुलांच्या वह्यांपेक्षा हे आम्हांस फार निरोगी वाटते.

आता पालकांस एक विनंती. मुलगा नटाच्या वार्ता वाचतो म्हणून त्यास रागे भरू नका, आणि तेवढ्यावर थांबूही नका. वर्षातून एकदा त्यास ते नाटक प्रत्यक्ष दाखवा. वाढदिवसाच्या केकवर आणि फटाक्यांवर आपण जे खर्च करितो त्यातून एका तिकिटाची सोय सहज होते. मुलींसही न्या, नाटकाच्या वह्या त्यांच्याही दप्तरांत आहेत, फक्त त्या दाखवीत नाहीत. आपल्यास पैनगंगा ओलांडली की नांदेड फार दूर नाही, आणि मुंबई-पुण्याच्या मंडळ्या तेथे अधूनमधून येतात. जाण्यापूर्वी त्या नाटकावरील दोन लेख, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल, मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. परत येताना वाटेत त्यास विचारा की, दोघांपैकी कोणाचे खरे निघाले. खेळ संपावयास रात्र होते, तेव्हा एस. टी.च्या भरवशावर राहता येणार नाही. चार घरांनी मिळून एक गाडी ठरवावी, म्हणजे खर्चही वाटला जातो आणि परतीच्या वाटेवर वाद घालावयास माणसेही पुरतात.